टेंभुर्णीची घरे आणि टेंभुर्णीची माणसे : प्रस्तावना

एखाद्या मुलखाच्या लोकवस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती दोन प्रकारची साधने येतात. पहिले साधन म्हणजे सरकारी दप्तरांतील आकडे. आणि दुसरे म्हणजे ज्या घरांत ती माणसे जन्मली, नांदली, भाऊबंदकीने भांडली, मध्ये भिंत घालून वेगळी झाली आणि अखेरीस ज्यांना कुलूप लावून अन्यत्र निघून गेली, ती घरे. पहिल्या साधनाची आपल्याकडे पुष्कळ चिकित्सा झालेली आहे. दुसऱ्याकडे मात्र, ते डोळ्यांसमोर उभे असूनही, किंबहुना ते नित्य डोळ्यांसमोर असल्यामुळेच, अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. किल्ल्यांवर, देवळांवर, सरदारांच्या वाड्यांवर मराठीत ग्रंथ झाले. परंतु ज्या माळवदाखाली या देशातील बहुसंख्य रयत दोन-अडीचशे वर्षे राहिली, त्या माळवदाचा वृत्तांत लिहिण्याची गरज कोणास क्वचितच भासली. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णी या गावची व आसपासच्या पट्ट्यातील जुनी घरे, आणि त्या पट्ट्यात गेल्या दीडशे वर्षांत झालेली लोकसंख्येची वाढ, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचा जो यत्न पुढील प्रकरणांत झाला आहे, तो म्हणूनच स्वागतार्ह होय.

या पुस्तकातून निघणारे अनुमान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल असे आहे. माणसे वाढली की घरे वाढतात, हा सर्वांचा समज; आणि ढोबळ मानाने तो खराही आहे. परंतु या मुलखात जेव्हा जेव्हा वस्तीने मोठी उडी घेतली, तेव्हा तेव्हा ती जुन्या गावठाणाला टाळून घेतली. गाव फुगत गेले आणि गावठाण ओसरत गेले. जुन्या घरांची दुर्दशा ही ऱ्हासाची खूण आहे असे आपण हळहळून म्हणतो, ते बव्हंशी चूक आहे. ही घरे पडली ती गाव खालावले म्हणून नव्हे. गाव वर आले म्हणून पडली.

टेंभुर्णीचे स्थान प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडतो आणि थोड्याच वेळात टेंभुर्णीस पोहोचतो. तेथून एक वाट कुर्डुवाडी, बार्शी व पुढे लातुराकडे, एक करमाळ्यावरून नगराकडे, एक पंढरपुराकडे आणि एक अकलूजकडे फुटते. नैर्ऋत्येस नीरा-नरसिंहपुराजवळ नीरा भीमेला मिळते. इतक्या वाटांच्या मिठीत आणि दोन नद्यांच्या शेजारी असलेले गाव सुसंपन्न असावयास हवे. पण पर्जन्यछायेत सापडलेल्या या प्रदेशाचे वार्षिक पर्जन्यमान सामान्यतः पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, तेही लहरी. नद्या खोल पात्रातून वाहणार आणि शेते उंचावर कोरडी राहणार, अशी ही जुनी स्थिती होती. ज्वारी हे पीक, आणि ज्वारी साठवण्याची पेवे ही संपत्ती. माणसाने येथे घर कसे बांधले हे समजण्यास पाऊस कमी, ऊन प्रखर, लाकूड दुर्मिळ आणि माती मुबलक, या चार गोष्टी ध्यानी ठेवल्या म्हणजे पुरे.

अशा परिस्थितीत निपजलेले घर म्हणजे माळवदाचे घर. कोकणच्या उतरत्या कौलारू घराच्या सवयीने पाहणाऱ्यास ते एखाद्या मातीच्या पेटीसारखे भासते, पण त्याची रचना मोठ्या हिशेबाने झालेली असते. दोन-अडीच हात जाडीची भिंत. खाली दगड, वर पांढऱ्या मातीचे उन्हात वाळवलेले भेंडे. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर तुराट्या अथवा निंबाचा पाला अंथरून चिखलाचा थर, आणि सर्वांवर पुन्हा पांढरी माती, जी पाणी सहसा मुरू देत नाही. उजेड-वारा आणि चुलीचा धूर यांच्यासाठी छतालाच सवणे ठेवलेले, पावसाचे पाणी काढून देण्यास पन्हळी बसवलेल्या. दरवाजातून आत गेले की ढाळज, पुढे उघडा चौक, चौकाभोवती सोपे, सोप्यामागे माजघर, आणि भिंतीच्या पोटातच धान्याचे बळद. वैशाखात अशा घराच्या माजघरात बसलेल्या मनुष्यास बाहेर काय आग ओतते आहे याची कल्पनाही येत नाही. उन्हाळ्याच्या रात्री तेच छत शेजघर होते, आणि सुगीनंतर त्याच छतावर डाळी, सांडगे व कुरडया वाळतात.

ही पांढरी माती येते कोठून, हा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात उद्भवत नाही, पण त्यात या विषयाचा गाभा आहे. गावाची शेतजमीन ती काळी, आणि वस्तीची जागा ती पांढरी. शतकानुशतके माणसे व जनावरे एका ठिकाणी राहिल्याने, घरे पडून व त्यांवरच पुन्हा उभी राहून, राख, शेण आणि कुजलेली लाकडे मिसळून गावठाणाची माती पांढरट होते. ओसाड पडलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरून गाडीगाडीने ही माती आणून नवी घरे माळवदली जात. म्हणजे मेलेल्या वस्तीच्या मातीखाली जिवंत वस्ती राहत असे. एखाद्या दुष्काळाने वा लुटीने उठून गेलेल्या पिढ्यांचा कोणताही कागद राहिला नसेल, पण त्यांच्या घरांची माती पुढल्या पिढीच्या डोक्यावर असे, हे खरे.

घराचे मोजमाप हातांत वा फुटांत होत नसे, खणांत होई. दोन खांबांमधील अंतर तो खण. पाच खणांचे घर, सात खणांचा सोपा, असा हिशेब असे. आणि भावाभावांत वाटणी झाली की वाटणीपत्रात खण मोजून दिले जात. एका आज्याचा सात खणांचा सोपा त्याच्या नातवंडांच्या काळी तीन उंबऱ्यांत विभागला जातो. चौकात एक भिंत उठते, मग दुसरी. आड सामाईक राहतो आणि त्याच्यावरून भांडण राहते. लोकसंख्या वाढीचे कोष्टक कोणास रुक्ष वाटत असेल तर त्याने अशा एखाद्या चौकात उभे राहून भिंती मोजाव्यात. पुस्तकातील ज्या प्रकरणात अशा विभागलेल्या घरांचे आराखडे दिले आहेत, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तेवढ्यासाठी पुढल्यामागल्या काही पुनरुक्ती वाचकाने सोडून द्याव्यात.

या सामान्य घरांहून वेगळी वास्तू म्हणजे गढी. टेंभुर्णीचा कोट सदाशिवपंत माणकेश्वर यांच्या नावाशी निगडित आहे. हे गृहस्थ दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी, आणि एल्फिन्स्टनच्या रेसिडेन्सीच्या दिवसांत पुण्याच्या राजकारणातील एक प्रमुख पात्र. माढ्यास आणि करमाळ्यास निजामाच्या पदरचे रावरंभा निंबाळकर यांनी बांधलेले कोट व देवीची मंदिरे आहेत. भीमेच्या या टापूत एकीकडे निजामाची आणि दुसरीकडे पेशव्यांची सत्ता एकमेकींस भिडलेली असल्यामुळे, जहागीरदाराला राहण्यास जागा आणि लढण्यास आडोसा या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीकडून हव्या असत. म्हणून येथील वाड्याला बुरूज आले आणि येथील किल्ला सपाटीवर उतरला. तथापि गढ्यांचे कौतुक या पुस्तकात बेताचे आहे, हे संग्राहकांच्या विवेकाचे लक्षण मानतो. कारण गढीत एक घराणे राहत होते आणि गढीखाली अवघे गाव.

त्या गावात कोण कोठे राहत होते, हेही घराच्या बांधणीइतकेच ठरीव होते. वेशीच्या आत पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे, त्यांच्या आसपास कुणबी, माळी, वाणी, सोनार, तांबोळी. आणि गावकुसाबाहेर महारवाडा व मांगवाडा. बाहेरच्या या घरांना माळवद क्वचितच लाभे. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर यांवर त्यांना भागवावे लागे, आणि असे छप्पर दोनचार पावसाळ्यांपलीकडे टिकत नसल्यामुळे 'ऐतिहासिक घर' या सदरात त्यांच्यापैकी एकही आज मोजता येत नाही. जुनी घरे जपण्याच्या कोणत्याही उपक्रमात हा अन्याय मुळापासून शिरलेला असतो : जे टिकले तेच जपले जाते, आणि टिकण्याचे सामर्थ्य ज्याला समाजाने दिले नाही त्याचा इतिहासही राहत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२० साली घेतला. नावे बदलली, जागा बहुधा त्याच आहेत.

आता माणसांच्या मोजणीकडे वळू. इंग्रजांपूर्वी माणसे मोजण्याची आवश्यकता सरकारला फारशी वाटत नसे. पट्टी बसवायची ती घरावर, म्हणून मोजायचे ते घर. खानेसुमारी, घरझाडा, पेठेतील दुकानदार-कारागिरांवरील मोहतर्फा, हे सारे कागद उंबऱ्यापाशी थांबतात. उंबऱ्याच्या आत किती तोंडे खाणारी आहेत ही सरकारची विवंचना नव्हती. या कागदांत 'पडीत घर' अशी नोंद जेथे वारंवार येते तेथे काय घडले असेल, हे त्या मुलखाचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी इंदापूरचा टापू उद्ध्वस्त केला आणि पाठोपाठ १८०३ चा दुष्काळ आला. शेजारच्याच इंदापूर तालुक्यात, पुढे कंपनी सरकारच्या अमलात, प्रिंगलसाहेबांच्या जबर आकारणीने पुन्हा जमिनी पडीत पडल्या, आणि ती चूक सुधारण्यासाठी १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पाहणी करून हलका धारा बसवला. ज्या मोजणी-पद्धतीवर साऱ्या मुंबई इलाख्याची जमाबंदी उभी राहिली, ती टेंभुर्णीहून दिवसाभराच्या बैलगाडीच्या अंतरावर जन्मली. आणि तिचा पहिला हेतू महसूल वाढवणे हा नसून परागंदा झालेल्या कुळांना परत आणणे हा होता, हे विसरता येत नाही. उठून गेलेल्या कुणब्याला तगाई आणि कौल देऊन बसवणे, हा या देशातील वस्तीवाढीचा जुना सरकारी मार्ग होय.

इलाख्यात पद्धतशीर शिरगणती प्रथम १८७२ साली झाली. त्यावेळी सोलापूर जिल्ह्यात सात लाखांहून अधिक माणसे होती. पुढील गणतीत, १८८१ साली, ती सहा लाखांच्याही आत आली. मधल्या काळात १८७६-७७ चा दुष्काळ पडून गेला होता. एका दशकात जिल्ह्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे नाहीशी झाली. काही मेली, काही निजामाच्या मुलखाकडे वा मुंबईकडे चालू लागली. आष्टीच्या तलावासारखी कामे याच दुष्काळाच्या मजुरीतून उभी राहिली. घरांच्या दृष्टीने पाहता दुष्काळाचे स्वरूप आणखी विदारक दिसते : प्रथम भांडी जातात, मग जनावरे, मग दागिने असल्यास ते, आणि शेवटी दरवाजे व तुळया, लाकूड विकलेले घर एकाच पावसाळ्यात मातीचा ढिगारा होते. १८९१ पर्यंत जिल्ह्याने साडेसात लाखांचा आकडा गाठून झालेली हानी भरून काढली, तोच १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आणि त्यांच्यासोबत प्लेग आला, आणि १९०१ च्या गणतीत संख्या पुन्हा सात लाख वीस हजारांच्या आसपास घसरली. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने १९११ ते १९२१ या दशकात महाराष्ट्राचीच लोकसंख्या घटवली. म्हणून आजोबा-पणजोबांच्या काळी गाव भरलेले होते व नंतर ते रिते झाले, अशी जी एक गोड समजूत आहे, तिला या आकड्यांत आधार सापडत नाही. या मुलखातले गाव भरते व रिते होते असेच शतकभर चालले होते. ज्याला आपण जुने गाव म्हणतो ते बहुतांशी १८८० नंतर पुन्हा बांधलेले गाव होय.

आगगाडीनेही टेंभुर्णीस बगल दिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता १८५९ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला आणि १८६० साली सोलापुरास पोहोचला; १८९७ मध्ये तेथून बार्शीकडे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली व १९०६ साली तिचा फाटा पंढरपुरास गेला. कुर्डुवाडीस कारखाना, कामगारांच्या चाळी, अँग्लो-इंडियन अंमलदारांचे बंगले, असे नवेच गाव उभे राहिले. हमरस्त्यावरची टेंभुर्णी बाजाराचे गाव म्हणून राहिली, इतकेच. पाऊणशे-शंभर वर्षे आगगाडीने केलेली ही उपेक्षा पुढे ट्रकांनी व एस. टी.ने भरून काढली, आणि तीही व्याजासह.

येथे क्षणभर दूरच्या एका देशाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेच्या ग्रामीण भागात 'कौंटी' हा आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या दरम्यानचा एक कारभारी घटक आहे, आणि तेथील अभ्यासकांनी कौंटीगणिक जुन्या घरांच्या आणि लोकसंख्येच्या नोंदी शेजारी ठेवून वाचण्याची परंपरा चांगली रुजवलेली आहे. त्यांची शिरगणती १७९० पासून अव्याहत दशवार्षिक. १९४० पासून तिच्यासोबत घरांचीही स्वतंत्र गणना. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने मनुष्याला १६० एकर जमीन मिळे ती पाच वर्षे तेथे राहिल्याच्या व घर बांधल्याच्या अटीवर. त्यामुळे घर हाच तेथे वस्तीचा पुरावा झाला. ती जमीन आधी ज्यांची होती त्या मूळच्या रहिवाशांची घरे मात्र त्या गणनेत बराच काळ आली नाहीत, हेही सांगून ठेवले पाहिजे. मैदानी भागातील कित्येक कौंट्यांची लोकसंख्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कमाल मर्यादेस पोहोचली आणि पुढे यंत्रे आली तशी उतरू लागली. तेथे घरे उभी आहेत, माणसे गेली आहेत. आपल्याकडे माणसे आहेत, घरे गेली आहेत. १९६६ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा केला. त्याच वर्षी टेंभुर्णीजवळ यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते उजनी धरणाची पायाभरणी झाली. दोन देशांच्या त्या वर्षातील गरजा किती भिन्न होत्या, हे यावरून समजावे. आणि कोणा एकाने दुसऱ्याला नावे ठेवू नयेत.

उजनीच्या आधीच पाण्याने या टापूत माणसे हलवण्यास आरंभ केला होता. नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात उतरला, तेव्हा पुरंदरातील सासवडचे माळी शेतकरी अकलूजजवळ येऊन वसले आणि त्यांनी १९३२ साली सासवड माळी साखर कारखाना काढला. माळीनगर हे गाव त्यातून उभे राहिले. उजनीने हीच गोष्ट अनेकपट मोठ्या प्रमाणावर, आणि अधिक वेदना देऊन केली. १९८० साली धरण पूर्ण झाले, शंभर टी.एम.सी.हून अधिक पाणी अडवणारा यशवंतसागर इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतून मागे पसरला आणि भीमाकाठची काळी कसदार जमीन व तिच्या कडेची जुनी पांढरी, दोन्ही त्याच्या पोटात गेली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाणी उतरले की आजही वर येते आणि लोक होड्यांतून पाहण्यास जातात. कुगावच्या इनामदारांच्या वाड्याची भिंतही कडक उन्हाळ्यात डोके काढते. मातीचे वाडे आणि माळवदे मात्र पुन्हा दिसत नाहीत, कारण मातीचे घर पाण्यात बुडत नाही, विरघळते. ज्यांची घरे गेली त्यांना आखीव चौकांची पुनर्वसित गावठाणे मिळाली. सरळ रस्ते, समान भूखंड, मध्ये शाळा. तुळया व दरवाजे ज्यांना वेळेत काढून आणता आले त्यांनी ते नव्या विटांच्या भिंतीत बसवले, आणि आज काही पुनर्वसित घरांच्या सिमेंटच्या चौकटीत जुन्या कोरीव गणेशपट्टीचे लाकूड दिसते ते यामुळे.

ज्यांना धरणाने उठवले त्यांची संख्या एकीकडे, आणि ज्यांना कालव्याने बोलावले त्यांची दुसरीकडे. पाणी आल्यावर ज्वारीच्या जागी ऊस, डाळिंब व केळी आली. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना या परिसरात उभा राहिला. टेंभुर्णीस औद्योगिक वसाहत झाली. धरणाशेजारी भीमानगर वसले. आणि हमरस्ता चौपदरी झाल्यावर पुणे-सोलापूरच्या वाटेवरील मुक्काम ही टेंभुर्णीची जुनी भूमिका हॉटेले, पेट्रोलपंप, ट्रॅक्टरची विक्रीकेंद्रे, खतांची दुकाने व दवाखाने यांच्या रूपाने परत आली. १९०१ साली सुमारे सव्वासात लाख असलेला सोलापूर जिल्हा २०११ च्या शिरगणतीत ४३,१७,७५६ वर गेला. माढा तालुका एकटाच तीन लाखांपलीकडे पोहोचला.

या वाढीतील एक भाग कोष्टकांत नीट उतरत नाही, त्याचा उल्लेख संग्राहकांनी अगदी ओझरता केला आहे आणि तो विस्ताराने हवा होता. शिरगणतीची घरोघर मोजणी फेब्रुवारीत होते, आणि फेब्रुवारी हा गाळपाचा ऐन मोसम. बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून ऊसतोडीस आलेली कुटुंबे त्या दिवसांत साखर कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. मोजणीच्या साऱ्या मुदतीत जे येथेच असतील त्यांची नोंद येथे होते, आणि एप्रिलनंतर त्या कोपीच्या जागी राखेशिवाय काही उरत नाही. माणूस मोजला जातो, घर मोजले जात नाही. मोजले तरी पुढल्या महिन्यात ते नसते. या जिल्ह्याच्या घरांचा इतिहास कोपीचा इतिहास लिहिल्याविना पुरा होणार नाही. २०२१ ची शिरगणती वेळेवर झाली नाही, त्यामुळे या बाबतीत नव्या आकड्यांची वाट पाहणे आले.

आता गावठाण का ओसरले या मूळ मुद्द्याकडे येतो. प्रथम उत्पन्नाचा आधार तुटला. वाडा हा वतनावर उभा असतो. १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली, १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने, १९६२ मध्ये पाटीलकी. कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्याकडे गेल्या. हे सर्व न्याय्य होते आणि व्हावयासच हवे होते, पण बत्तीस खणांचा वाडा दरसाल माळवदण्यास जे मनुष्यबळ व पैसा लागे तो आता येणार कोठून? १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीमुळे दक्षिण महाराष्ट्राच्या अनेक गावांतून ब्राह्मण कुटुंबे पुण्यास निघून गेली आणि त्यांच्या घरांना कुलपे लागली, हेही येथेच नोंदवावे. पुढे शेतकऱ्याने विहीर काढली, विद्युत पंप बसवला, आणि रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा पाणी धरण्यासाठी तो शेतावरच राहू लागला. आधी एक खोप, मग पत्र्याचे घर, मग स्लॅबचा बंगला. रानातली वस्ती हीच खरी राहती जागा झाली आणि गावातले घर देवकार्यापुरते उरले. ज्यांना व्यापार करावयाचा ते हमरस्त्याकडे सरकले. गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा कागदावर राहिला, आणि चौकांभोवती गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वाड्याचे सातआठ वारस, त्यांतील चार पुण्यात, एक परदेशी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव अजून आजोबांचे. असे घर विकताही येत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

अखेरचा घाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बसला. किल्लारीचा भूकंप लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झाला, टेंभुर्णीपासून बराच दूर. पण तेथे हजारो माणसे ज्यांच्याखाली गाडली गेली ती घरे हीच होती. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि वर पिढ्यान्‌पिढ्या दर मृगापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवत गेल्याने भयंकर जड झालेले माळवद. जी जाडी उन्हापासून वाचवत होती तीच जीव घेती झाली. खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता तेथे माणसे वाचलीही, हे तज्ज्ञांनी पुढे दाखवून दिले, आणि सोलापुरासह शेजारच्या जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती-बळकटीचा सरकारी कार्यक्रमही झाला. पण लोकांच्या मनातून माळवद उतरले ते उतरले. कित्येकांनी वरची माती खरवडून टाकली आणि पत्रे चढवले. नंतर घरकुलाच्या योजना आल्या, त्यांच्या अटींत पक्के घर म्हणजे विटा, सिमेंट आणि पत्रा वा स्लॅब. ज्याच्या डोक्यावर गळके छप्पर आहे त्याने पक्के घर मागितले तर त्यात वावगे काहीच नाही; गावरान वास्तुशैलीचे गोडवे गाणारे आपण बहुतेकजण स्वतः स्लॅबखालीच झोपतो. परंतु वैशाखात पत्र्याखाली भट्टी होते आणि पंखा गरम हवा फिरवतो, हे खरे असताना, जुन्या सांगाड्यावर हलके पण थंड छत कसे घालावे याचा विचार या जिल्ह्यात कोणा अभियंत्याने चिकाटीने करून ते शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत आणून दिले नाही, ही उणीव मला खुपते. जतनाचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

सरकारी संरक्षित स्मारकांच्या यादीत सामान्य माळवद येणार नाही, आणि येऊही नये. माणूस राहतो त्या घराला कुंपण घालून चालत नाही. २०२० पासून ड्रोनने गावठाणांचे भूमापन सुरू झाले असून घरमालकांना मिळकतपत्रिका मिळू लागल्या आहेत. या मापनात प्रत्येक घराची हद्द प्रथमच नकाशावर उतरते. पण हद्दीच्या आत काय उभे आहे, किती खणांचे, कोणत्या लाकडाचे, केव्हाचे, हे त्या पत्रिकेत असत नाही. तेवढी पोकळी भरण्याचे काम या पुस्तकाने टेंभुर्णी परिसरापुरते आरंभिले आहे. त्यात उणिवा आहेत. नदीपलीकडच्या इंदापूर तालुक्यातील घरे सोडून दिली आहेत, वास्तविक भीमा ही हद्द महसुलाची आहे, बांधणीची नाही. मुसलमान कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या घरांना मिळालेली पाने फार थोडी. आणि ज्या बायकांनी दरसाल भिंती लिंपल्या, पोतेरे दिले, जमिनी सारवल्या, त्यांच्याकडून मातीचे प्रमाण, शेणाचा काळ, लिंपणाची रीत विचारून घेण्याचे राहून गेले आहे. ते ज्ञान आता सत्तरीच्या पुढील स्त्रियांपाशीच उरले आहे. दुसऱ्या आवृत्तीत प्रथम हे करावे.

टेंभुर्णी आणि आसपासच्या गावांतील वाचकांना एवढीच विनंती, की घरात जुने वाटणीपत्र, खरेदीखत वा मोडीतला कोणताही कागद असेल तर तो रद्दीत देण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. आणि माळवद उतरवण्याचे ठरलेच असेल, तर उतरवण्याच्या आदल्या दिवशी खण मोजून, तुळयांची लांबी-जाडी व त्यांवर काही कोरले असल्यास ते वहीत टिपून, घराची आतून-बाहेरून छायाचित्रे घेऊन ठेवावीत.